सीतारामरावांचा डिनायल

घराबाहेर पडताना सीतारामराव कुलूप ओढून बघत, जिना उतरत आणि पुन्हा वर येऊन कुलूप ओढून बघत. पाटबंधारे खात्यात धरणाचे दरवाजे सांभाळण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला ही सवय असायचीच, असं त्यांचं म्हणणं. आजवर त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. पण त्यांची सून दीक्षा हडपसरच्या ज्या आयटी कंपनीत होती, तिथं मानसिक आरोग्यावर एक व्याख्यान झालं आणि त्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमधली शांतता संपली.

एका लग्नाला निघताना दीक्षा जिन्यातच म्हणाली, "बाबा, याला ओसीडी म्हणतात."

आपल्याला काहीही झालेलं नाही, असं सीतारामरावांनी ठणकावून सांगितलं.

"हा डिनायल आहे, बाबा," दीक्षा मायेनं म्हणाली.

ते चिडले, तर ते अँगर इश्यूज ठरले. संतापून गप्प बसले, तर ते पॅसिव्ह अ‍ॅग्रेसिव्ह निघाले. चपला घालून बागेत निघून गेले, तर मुलगा चेतनही म्हणाला, बाबा विषय टाळतायत. खुन्याला निदान वकील तरी मिळतो, सीतारामराव बागेत धुमसत राहिले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नीनं, कांताबाईंनी, ही काळजी फोनवरून नणंदेच्या कानावर घातली. गॅलरीत उभं राहून घातली, म्हणून ती अख्ख्या सोसायटीच्या कानावर गेली.

सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब संध्याकाळी चिकू घेऊन हजर झाले. गच्चीवरच्या टाकीचं पाणी सीतारामरावांच्या बेडरूमच्या भिंतीत मुरत होतं आणि त्यावरून दोघांचं चांगलंच वाजलेलं होतं. आज मात्र आप्पासाहेबांच्या तोंडी साखर होती.

"तुमचं सगळं बरोबर आहे," ते म्हणाले, "पण गळतीचं एवढं मनाला लावून घेऊ नका."

"गळती माझ्या मनात नाही, भिंतीत आहे."

आप्पासाहेबांनी चेतनकडे कणवेनं पाहिलं. पुढच्या मीटिंगमध्ये सर्वांनी सहानुभूतीपूर्वक माना डोलावल्या, सीतारामरावांना विश्रांती घ्यायला सांगितलं आणि टाकीचा विषय पुढे ढकलला. भिंतीला पोपडे आले.

शेवटी सीतारामराव स्वतःच शर्मिला नावाच्या समुपदेशक बाईंकडे गेले आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले की मी ठीक आहे, एवढं माझ्या घरच्यांना कळवा. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. कुलूप पाहिलं नाही तर जीव घाबरतो का, त्यात दिवस वाया जातो का, असं विचारलं. तसं काहीच नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "ओसीडीत माणूस एकाच भीतीत तासन्‌तास अडकतो. त्याला सुटायचं असतं, पण सुटता येत नाही. फार हाल होतात त्याचे. तुमची नुसती सवय आहे. आणि भिंत ओली असेल तर राग यायलाच हवा."

सीतारामराव छाती पुढे काढून घरी आले, सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि निकाल जाहीर केला. दीक्षाचा चेहरा उतरला. अर्धवट ऐकून आपण वाट्टेल ते बोललो, हे तिनं सरळ कबूल केलं. तिथंच प्रकरण मिटायचं, पण सीतारामरावांनी पुढच्या गुरुवारचीही वेळ घेतल्याचं सांगितलं.

दीक्षा गोंधळली. "पण तुम्हाला काहीच झालेलं नाही ना?"

"नाही झालेलं. पण ती बाई माझं बोलणं मध्येच तोडत नाही. या घरात माणसाला एक वाक्य धड पुरं करता येत नाही."

"अहो, मी काय म्हणते..." कांताबाईंनी तोंड उघडलं.

"थांब, माझं होऊ दे," सीतारामराव म्हणाले, आणि ज्याचं कुणी ऐकत नाही त्या माणसाची घरात कशी घुसमट होते, यावर बराच वेळ कळकळीनं बोलले.

त्यांचं होईस्तोवर कांताबाई शांतपणे बसून राहिल्या. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "दीक्षा, त्या बाईंकडे माझीही वेळ घे गं. यांच्याबरोबर नको, वेगळी घे. लग्नापासूनचं एक वाक्य राहिलंय माझं."