कचेरीतील घाबरण्याची सोय

टेंभरपाड्याच्या जंगलकचेरीतले हेडकारकून कर्णिक सन १९४२च्या चैत्रात थकले. काम करून थकले असा आरोप त्यांच्यावर कोणीही केला नाही.

कल्याणच्या डॉक्टरांनी त्यांना तपासले. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, माणूस घाबरला की ती रस सोडते, आणि कर्णिक अठरा वर्षे रेंजरसाहेबांना घाबरत आल्यामुळे ती सुकत चालली आहे, असे निदान झाले. विलायती औषध लढाईमुळे कुठल्यातरी बोटीवर अडकले होते. म्हणून सकाळी गुळवेलीचा काढा, झोपताना दुधातून अश्वगंधा, दुपारी दोन तास विश्रांती आणि सूर्यास्ताआधी जेवण ठरले.

“आणि घाबरणं बंद,” डॉक्टर म्हणाले.

“सरकारी नोकरीत ते कसं जमायचं?”

“मग दुसऱ्या कोणाला घाबरायला सांगा,” डॉक्टर हसून म्हणाले.

कर्णिकांनी ते वाक्य औषधाच्या चिठ्ठीवर लिहून घेतले आणि खाली डॉक्टरांची सही घेतली.

त्याच आठवड्यात धाऊ ठाकूर अर्ज घेऊन आला. त्याच्या घराची एक कुडाची भिंत वाळवीने खाल्ली होती. लेक बारकी बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि घराला तीनच भिंती. पावसाआधी चौथी उभी करायला कारवीच्या काठ्यांच्या दोन मोळ्या हव्या होत्या. कारवी तोडायला पास लागतो.

“पास मिळेल,” कर्णिक म्हणाले. “पण सही करताना मला साहेबांची भीती वाटते, आणि ती माझ्या ग्रंथीला चालत नाही. तू माझ्या वतीने घाबर.”

“म्हंजी काय करायचा?”

“साहेब ओरडले की पुढे उभं राहायचं. घाम आला पाहिजे.”

“यवढाच ना? पासाचा तेवढा बघा, भाऊसाहेब.”

गुळवेलही धाऊच आणू लागला. पासाशिवाय ती काढणे गुन्हा असल्यामुळे हा हुकूम तोंडी देण्यात आला.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी रेंजरसाहेब आले आणि हरवलेल्या नकाशावरून पाऊण तास ओरडले. धाऊ समोर उभा राहून त्यांच्याकडे कौतुकाने पाहत होता. शेवटी कर्णिकांनाच घाबरावे लागले आणि तीन आठवड्यांचा काढा वाया गेला.

“तुला भीती कशी वाटली नाही?” कर्णिकांनी खुलासा मागितला.

“मागल्या साली पाणवठ्यावर बिबट्या असाच गुरगुरला व्हता,” धाऊ म्हणाला. “त्याला दात पण व्हते.”

खुलासा असमाधानकारक ठरला. धाऊला घाबरायला शिकवण्याचे काम शिपाई धोंडीकडे सोपवण्यात आले. धोंडीने त्याला तुरुंगाची भीती घातली, साहेबांची बंदूक दाखवली, लढाईवर पाठवतील असेही सांगितले. धाऊने लढाईवर जेवण मिळते का, एवढेच विचारले. चार दिवसांनी कंटाळून धोंडी सहज म्हणाला, “अरे, तुझा अर्ज सापडत नाय.”

धाऊच्या कपाळावर घाम आला. कर्णिकांनी तो बोट लावून पाहिला आणि तशी नोंद केली.

तेव्हापासून रोज अकरा वाजता धाऊचा अर्ज सापडेनासा होई आणि कर्णिकांची ग्रंथी टवटवीत राही. गुण पाहून रेंजरसाहेबांनी वरच्या साहेबांबद्दलची स्वतःची भीतीही धाऊकडे वर्ग केली. मात्र एक अडचण उभी राहिली. पास दिला तर धाऊ घाबरणार कशाने? सबब वैद्यकीय कारणास्तव पास रोखून धरण्यात आला.

“तू रोज कचेरीत जाऊन करतो काय रे?” धाऊची बायको सावळीने विचारले.

“घाबरतो.”

“सकाळपासून संध्याकाळवर?”

“मधी जेवायची सुट्टी हाय.”

ज्येष्ठात बारकीला मुलगा झाला. चौथ्या भिंतीच्या जागी सावळीने आपले लुगडे बांधले, आणि वारा सुटला की ती ते दोन्ही हातांनी धरून उभी राही.

आषाढात धाऊ पान हलले तरी दचकू लागला. डोंगर चढवेना, गुळवेल येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितले, याची ग्रंथी सुकली. काढा, दूध, दुपारची झोप, आणि घाबरणे बंद. धाऊ कामाला नालायक ठरल्यामुळे त्याचा पास त्याच दिवशी मिळाला. मुदत वैशाखअखेरपर्यंतची होती.

एका माणसावर एवढा भार टाकणे बरे नव्हे, असे कर्णिकांनी फायलीवर लिहिले. घाबरण्याचे काम जे कोणी अर्ज घेऊन येतील त्यांच्यात वाटून द्यावे. त्यासाठी कचेरीच्या भिंतीला एक खिडकी पाडण्यात आली. पुढे इतर कचेऱ्यांनीही नमुना मागवून घेतला.

ती सोय अद्याप रद्द झालेली नाही. परवा तुम्ही दाखल्यासाठी खिडकीशी उभे होतात. आतल्या गृहस्थांनी तुमचे कागद दोनदा उलटले आणि “यात एक कमी आहे” असे म्हटले. तुमचे तळहात ओले झाले. काळजीचे कारण नाही. आत त्यांना बरे वाटत होते.