राबाचा धूर

माझा धाकटा भाऊ जनार्दन रोज सकाळी चहाच्या आधी धूर बघतो.

खिडकीतून नाही. आमच्या शेलूत आता खिडकीतून समोरच्या इमारतीत वाळत घातलेले कपडे दिसतात. तो कॉम्प्युटरवर बघतो. परदेशातली एक कंपनी आहे, ती राज्य वसवायचा एक गेम बनवते. गेमचं नाव इंग्रजी आहे आणि जनू ते तीन तऱ्हांनी उच्चारतो, म्हणून मी इथे देत नाही. गाव वसवायचं, शेती करायची, कोठारं भरायची, सैन्य पोसायचं आणि शेजारच्या राजाशी कधी सोयरीक करायची तर कधी लढाई, असा तो सगळा खटाटोप आहे. अधूनमधून कंपनी या गेमला नवा भाग जोडते. नवा मुलूख, नवी पिकं, नवे धंदे. त्याला जनू पुरवणी म्हणतो. परीक्षेत पेपर भरला की मागून घेतात, ती. शाळेत असताना जनूने स्वतः कधी पुरवणी मागितल्याचं मला आठवत नाही.

पुरवणी येण्याआधी कंपनी एखादंच चित्र टाकते. तोंडाने काही सांगत नाही. मग जगभरातले लोक त्या चित्रात डोकं खुपसून बसतात आणि आत काय असेल याचे तर्क लढवतात. कुणी पक्ष्याच्या जातीवरून मुलूख ओळखतो, कुणी होडीच्या शिडावरून. त्या घोळक्यात आमचा साठी ओलांडलेला जनू.

"कंपनी पोटुशी हाय," तो मला गंभीरपणे सांगतो. "आता काय होतंय तेवडं बगायचं."

जनूला काय व्हायला हवंय, ते ठरलेलं आहे. भात.

त्या गेममध्ये गहू आहे, जव आहे, द्राक्षं आहेत. भात नाही. "गव्हाची मानसं हायेत ती," जनू म्हणतो. "त्यांना चिखल कसा कळायचा?" आणि नुसता भात असूनही त्याचं भागणार नाही. राब हवा. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी, उन्हाळ्यात, वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून ते जाळतात. हे राब भाजणं. राबाचा धूर चुलीच्या धुरासारखा सरळ वर जात नाही. तो जमिनीला धरून पसरतो, बांधापाशी जरा अडतो आणि मग कंटाळल्यासारखा वर येतो. जनू प्रत्येक चित्रात तो धूर शोधतो.

मध्ये एका चित्रात त्याला तो सापडला. डोंगर, समुद्र, एक होडी आणि डाव्या कोपऱ्यात बोटभर धुरकट पट्टा. सगळं जग होडीकडे बघत होतं. जनूने फोन तोंडाशी धरला आणि मराठीत सांगितलं, "हा धूर चुलीचा नाय. हा राबाचा धूर हाय. भात येनार." फोनने त्याचं इंग्रजी केलं. राब या शब्दाचं काही त्याला करता आलं नाही, म्हणून तो तसाच ठेवला. त्यामुळे झालं असं, की राब म्हणजे काय हे विचारायला कुठून कुठून माणसं आली. जनूने सगळ्यांना समजावलं. शेणाचे थर किती, पाला किती, वारा कुठला हवा. पुढे त्या मंडळींत तो शब्दच रुजला. चित्रात जरा कुठे धूसर दिसलं की कुणीतरी लिहितो, "राब?"

ब्राझीलमधला एक ट्रक ड्रायव्हर तर त्याचा जिवलग झाला आहे. त्याला गेममध्ये कॉफी हवी आहे. त्याच्या आजोबांचा मळा होता म्हणे. नॉर्वेतली एक बाई आहे, तिला मासे सुकवायच्या काठ्या हव्यात.

"बग दादा," जनू मला म्हणाला, "सगळ्यांना आपापल्या बापाचंच शेत पायजे."

त्याच्या बायकोला, सुमनला, यातलं काही पटत नाही. "ह्यांच्या राज्यात कोठारं भरलीत," ती म्हणते, "नि माज्या घरात सिलेंडर संपलाय. राजाला सांगा दादा, नंबर लावा म्हनावं."

"लावतो गं," राजा म्हणतो. "जरा वेढा पडलाय."

कर्जतच्या डॉक्टरांनी त्याला मोतीबिंदू काढायला सांगितला होता. तो टाळत राहिला. डोळ्याला पट्टी बांधून बसलो आणि तेवढ्यात चित्र आलं तर, हे त्याचं कारण. शेवटी मी म्हटलं, "अरे, तुझ्या डोळ्यातच मोतीबिंदू आहे, तुला सगळीकडे धूर दिसणारच." ते त्याला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी एकटा जाऊन तारीख ठरवून आला. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, घरी येऊन चप्पल काढायच्या आधी त्याने कॉम्प्युटर लावला.

"हाय," तो म्हणाला. "तितंच हाय. आता तर बांधपन दिसतोय."

आता या गेमविषयी गावात जे बोललं जातं, त्याकडे येतो. त्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

आमची नदीकडची जमीन गेली आणि तिच्यावर ही इमारत उभी राहिली. मोबदल्यात आम्हा भावांना एकेक घर मिळालं. मी दुसऱ्या मजल्यावर, जनू तिसऱ्यावर. नातेवाइकांत बोललं जातं की जनूने गेमच्या नादात जमीन फुंकली. हे खोटं आहे. आधी जमीन गेली, गेम नंतर आला. माझा मुलगा पुण्याला राहायला गेला, त्याचा जुना कॉम्प्युटर पडून होता. जनूला दिवसभर करायला काही उरलं नव्हतं, म्हणून मीच तो वर नेऊन दिला. आणि जमीन विकायचं जनूच्या मनात कधीच नव्हतं. ते माझ्या मनात होतं. मी खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झालो होतो, गुडघे बोलायला लागले होते. लिफ्टचं घर हवं होतं. मी त्याला म्हटलं, "आता कोण उतरणार चिखलात?" खरं तर चिखलात कायम तोच उतरत होता. थोरल्या भावाने सांगितलं, म्हणून त्याने सही केली. एकच मागितलं, घर तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्याचं. का, ते मला नंतर कळलं. आमचं उंबराचं, तिरक्या बांधाचं भातखाचर बरोबर त्याच्याखाली येत होतं. आता तिथे पार्किंग आहे.

मागे एका लग्नात, भर मांडवात, आमचा चुलतभाऊ बबन मला म्हणाला, "काय दादा, जनूचं राज्य कसं चाललंय? जमीन फुंकून राजा झाला म्हनतात." आजूबाजूचे हसले. माझ्या तोंडात जिलबीचा तुकडा होता. मी "हं" म्हटलं. बाकी काही नाही. माझा सगळा अपराध त्या एका "हं"मध्ये मावतो. त्यानंतर ती गोष्ट गावात पक्की झाली. का होऊ नये? सख्ख्या भावानेच मान डोलावली होती.

त्यानंतर मी वरच्या मजल्यावर जास्त जायला लागलो. जनूला वाटलं, मला गेमची गोडी लागली. त्याने हौसेने आपला मुलूख दाखवला. नदी होती. नदीला आमच्या नदीसारखंच वळण होतं. गिरण्या, गोठे, बाजार, माणसांची नुसती लगबग. आणि मधोमध एक चौकोनी तुकडा, तिरक्या बांधाचा, अगदी रिकामा.

"इथे काही नाही?" मी विचारलं.

"भात आल्याबिगर तितं काय लावायचं नाय."

"आणि हा बांधावर कोण उभा आहे? बाकीची सगळी कामं करतायत, आणि हा रिकामटेकडा?"

जनू हसला. "तो तू. तुला चिखलात पाय घालायचा कंटाळा. बांधावरनं सांगायचास, जनू, ती रोपांची वळ वाकडी गेली. म्हनून त्याला कामच नाय दिलं. खातो तेवडा."

"दोन वेळचं?"

"दोन वेळचं. वर द्राक्षं."

मग पुरवणीचा दिवस ठरला. संध्याकाळी कंपनी सगळं दाखवणार होती. जनूने सकाळीच दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. सुमनने कुरकुरत का होईना, तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण केलं. "भात आला तर सन, नाय आला तर जेवान," ती म्हणाली. आम्ही तिघं कॉम्प्युटरसमोर बसलो. ब्राझीलवाल्याचे निरोप येत होते. त्याच्याकडे म्हणे सकाळ होती आणि त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला लावला होता.

चित्र हलायला लागलं. समुद्र आला, होडी आली. मग हळूहळू तो डावा कोपरा जवळ आला. जनूने माझा हात धरला. धूर मोठा झाला, आणि त्याच्या खाली एक भट्टी निघाली. माणसं काच फुंकत होती. रंगीत काचेचे पेले, काचेच्या खिडक्या, काचेचा व्यापार. भात नव्हता. कॉफी नव्हती. सुके मासेही नव्हते.

जनूने शेवटपर्यंत पाहिलं. मग माझा हात सोडला आणि चष्मा काढून शर्टाला पुसला. ब्राझीलवाल्याचा निरोप आला. फोनने तो मराठीत वाचून दाखवला: "भाऊ, मला वाईट वाटते. तुझा धूर चांगला होता."

"भाकऱ्या गार होतायत," सुमन म्हणाली आणि नेहमीसारखा टोमणा न मारता आत गेली.

त्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "जनू, गावात म्हणतात, तू गेमपायी जमीन घालवलीस."

"मला माईत हाय."

"मी एकदा बबनसमोर..."

"हं म्हनलास," जनू म्हणाला. "त्यानंच फोन करून सांगितलं. दादापन हं म्हनला म्हनून."

"मग तू इतके दिवस बोलला का नाहीस? कुणाला तरी खरं सांगायचंस."

तो पडद्याकडेच बघत होता. तिथे त्याचा जुना मुलूख पुन्हा उघडला होता. "तुला लग्नांना जायला लागतं रं दादा. साखरपुडे, बारशी, सगळीकडं तूच जातोस. जमीन तू इकलीस म्हनले असते, तर तुला मांडवात बसवलं नसतं. मला कुटं जायचंय? माज्याकडं येतो कोन टोमना मारायला? एक ब्राझीलवाला, नि त्याला मराठी येत नाय."

पडद्यावर सगळी माणसं आपापल्या कामाला लागली होती. बांधावरचा तेवढा उभा होता.

"याला जरा खाली उतरव," मी म्हटलं. "कामाला लाव."

"आता काय काम देऊ त्याला? काच फुंकायला लावू?" जनू म्हणाला. "भात आला की उतरल. ऊठ, जेवून घे."

तेव्हापासून जिथे जातो तिथे मी खरं सांगतो. लोक ऐकून घेतात, पण जुनी गोष्ट सुटत नाही. बबन म्हणतो, भावाला झाकायला बघतोस, चांगलं आहे. म्हणून हे लिहून ठेवलं.

परवा मी वर गेलो, तेव्हा जनू आंघोळीला गेला होता. कॉम्प्युटर चालूच होता. कंपनीने नवं चित्र टाकलं होतं. डोंगराचा पायथा, एक ओढा आणि उजवीकडे धूर. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चुलीचा नव्हता. भट्टीचाही नसावा. जमिनीला धरून पसरला होता आणि एका आडव्या रेघेपाशी अडला होता.

मी न्हाणीघराच्या दारावर थाप मारली.

"जनू," मी म्हटलं, "आटप लवकर."