अपघात : निरंक

परसदारी ट्रॅम्पोलिन बसवल्यापासून सलग अठरा दिवस तिथे एकही अपघात झाला नाही. याचं मुख्य कारण असं, की त्या अठरा दिवसांत त्यावर कोणी उडीच मारली नव्हती. तरीही स्वयंपाकघराच्या दाराबाहेर 'अपघातविरहित दिवस' असा फलक लागला होता आणि घरचे यजमान रोज सकाळी चहाआधी त्यावरचा आकडा एकाने वाढवत होते.

यजमान खोक्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. जिन्यावरून उतरतानाही कठडा धरून, एकेक पायरी मोजत उतरणारा माणूस. ट्रॅम्पोलिन त्यांनी आणलेलं नव्हतं. ते त्यांच्या लेकीला, बिट्टीला, तिच्या मामाने दिलं होतं. मामा लोकांना असल्या भेटी द्यायला काही वाटत नाही, कारण त्या देऊन ते आपल्या घरी निघून जातात.

बिट्टी आठ वर्षांची होती आणि तिला ट्रॅम्पोलिन हवं होतं ते एकाच कामासाठी. मागच्या भिंतीपलीकडे शिंपीणबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. कुत्री इतकी तापट, की फाटकाला कोणी हात लावायची सोय नव्हती. आणि भिंत बाबांपेक्षाही उंच. बिट्टीच्या हिशेबाने तीन जोरदार उड्यांत डोकं भिंतीच्या वर जाणार होतं. त्यात रविवारी पिल्लं ज्याच्या त्याच्या नव्या घरी जाणार, अशी पक्की बातमी होती.

बिट्टीची आई इस्पितळात प्लास्टरच्या खोलीत परिचारिका होती. ट्रॅम्पोलिनवरून थेट तिच्या टेबलावर आलेली मुलं तिने पुष्कळ पाहिली होती. कामावर निघताना चपला घालता घालता तिने सांगितलं, "हे बघा, एका वेळी एकच मूल. कोलांट्या नाहीत. आणि कोणीतरी मोठ्या माणसाने समोर उभं राहून बघायचं. बास."

"बास?" यजमान दुखावले. "अगं, एवढ्यावर कधी सुरक्षा होते का?"

पहिल्या दिवशी त्यांनी जे केलं त्याला कोणी नावं ठेवू नयेत. जमीन सपाट करून घेतली, चहूबाजूंनी जाळी बांधली, स्प्रिंगांवर जाड गादी बसवली, शिडी काढून कुलपात ठेवली. तासाभरात सगळं झालं. गोष्ट इथेच संपायला काही हरकत नव्हती. पण कारखान्यात तासाभरात संपलेलं काम हे काम धरत नाहीत, आणि हे गृहस्थ कारखाना घरीही घेऊन येत असत.

दुसऱ्या दिवसापासून ट्रॅम्पोलिनला 'उच्छलन उपकरण (परसदार)' म्हणायचं ठरलं. बायकोच्या तीन वाक्यांची एकेचाळीस पानांची नियमावली झाली. उडी मारायची असल्यास चोवीस तास आधी अर्ज द्यायचा होता. बिट्टीने तो तिच्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहून दिला.

"उडीचं प्रयोजन या रकान्यात तू 'पिल्लं बघणे' लिहिलंयस," यजमान चष्मा सावरत म्हणाले. "इथे व्यायाम किंवा मनोरंजन, दोनच पर्याय आहेत."

"मग मनोरंजन लिही ना, बाबा."

"आता खाडाखोड चालत नाही. नवा अर्ज कर, उद्या."

नवा अर्ज झाला. त्यावर असं निघालं की अर्जदाराचं प्रशिक्षण झालेलं नाही. मग चार दिवस बिट्टी शिरस्त्राण, गुडघ्याचे पॅड आणि कोपराचे पॅड घालून बैठकीच्या खोलीत, सतरंजीवर, जागच्या जागी उभं राहून उतरायला शिकली. न उडता उतरायचं कसं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही, पण प्रमाणपत्र मिळालं.

घरात सासूबाई राहायला आल्या होत्या. त्या न्यायालयात टंकलेखिका म्हणून निवृत्त झालेल्या, त्यामुळे जावयाने त्यांना सहायक निरीक्षक नेमलं. नियमावली त्यांनी दुपारच्या झोपेचा बळी देऊन वाचली.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "यात उडी कुठे आहे?"

"परिशिष्ट क-मध्ये."

"पोर वाळत चाललीय हो. एकदा मारू द्या की उडी. मी उभी राहते बघत."

"आई, नुसतं बघून काय होतं? नोंद नको?"

सासूबाई उठल्या. कपडे वाळत घालायला परसात गेल्या आणि 'सावधान! अडखळू नका' या नव्या लोखंडी पाटीला अडखळून अंगठा फोडून घेतला. यजमानांनी जागेची पाहणी केली. पाटी उपकरणाच्या हद्दीबाहेर दोन वीत असल्याने अपघात धरला गेला नाही. दुसऱ्या दिवशी आकडा बिनदिक्कत एकाने वाढला.

शेवटी एकोणिसावा दिवस उजाडला. तो शनिवार होता. बिट्टीने सकाळी पोह्यांना हात लावला नाही, दुपारी जेवली नाही, रडलीही नाही. नुसती भिंतीकडे बघत बसली. यजमान माणूस वाईट नव्हते. लेकीवर त्यांचा फार जीव होता, आणि जीव होता म्हणूनच तर एकेचाळीस पानं.  त्यांनी परवाना दिला. शेजारच्या जुळ्यांचेही अर्ज पडून होते, तेही हातासरशी मंजूर केले.

ठीक चार वाजता जाळीपासून एक मीटरवर खुर्ची टाकून यजमान बसले. मांडीवर नोंदवही. प्रत्येक उडीसाठी बावीस रकाने होते: वेळ, वाऱ्याची दिशा, मोज्यांची स्थिती, असे. शेवटचा रकाना 'अपघात' हा. तो कारखान्यात सकाळीच भरून ठेवायची पद्धत होती, म्हणजे संध्याकाळी घाई होत नाही. त्या पद्धतीप्रमाणे आजच्या पानावर खालपर्यंत 'निरंक' लिहून सह्या झाल्या होत्या.

कुलपातली शिडी लागली आणि बिट्टी जाळीत शिरली. पहिली उडी छोटी झाली. दुसरी जरा बरी.

"बाबा, बघ!"

"हो हो, बघतोय," यजमान म्हणाले आणि वाऱ्याची दिशा लिहू लागले. वारा पडला होता, पण त्यासाठी रकाना नव्हता, त्यामुळे ते अडले.

"बाबा, थोडंच राहिलंय! बघ ना!"

"बघतोय गं."

तेवढ्यात जाळीची चेन सरकवून दोन्ही जुळे आत चढले. त्यांनाही पिल्लं बघायची होती. दोघे दणकट. त्यांनी एकदम उडी टाकली आणि त्या धक्क्याने मधली बिट्टी अशी वर गेली, की इतकी उंच ती स्वतःच्या बळावर कधीच गेली नसती. यजमान तेव्हा मोज्यांच्या रकान्यात होते. किंकाळी ऐकू आली तेव्हा त्यांनी आधी वहीत पाहिलं आणि मग जाळीत.

प्लास्टरच्या खोलीत बिट्टीची आई कामावर होतीच. मनगटाच्या हाडाला चीर होती. तिने लेकीच्या हाताला कापूस गुंडाळला, मग नवऱ्याकडे वळली.

"तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच. एक मीटरवर. बसूनच होतो."

"मग बघत काय होतात?"

यजमानांनी काखेतली नोंदवही उघडून दाखवली. तिने पान वरपासून खालपर्यंत वाचलं. अक्षर सुरेख होतं.

"निरंक," ती म्हणाली. "मग मी प्लास्टर कशाला घालतेय?"

त्यांनी वही मिटून पुन्हा काखेत घातली. यजमान बाहेर जाऊन बाकावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या सहीची लाज वाटली.

अर्ध्या तासाने बिट्टी पांढरा हात मिरवत बाहेर आली आणि त्यांना चिकटून बसली. डोळे रडून सुजलेले, पण चेहरा असा फुललेला, की हाड मोडलंय ते कोणाचं, असा प्रश्न पडावा.

"बाबा, पाच आहेत! एक सगळंच्या सगळं पांढरं, आणि त्याचे कान काळे! मला दिसली. मी केवढी उंच गेले होते ना? तू बघितलंस ना?"

यजमानांच्या तोंडाशी खरं आलं होतं. पण ती मान वर करून त्यांच्याकडे बघत होती.

"बघितलं तर," ते म्हणाले. "केवढी उंच गेलीस!"

तिचा लगेच विश्वास बसला. त्या दिवसातली सर्वांत खोटी नोंद ती होती, आणि ती वहीत कुठेच झाली नाही.

पण त्यांना हसायचं कारण नाही. आता हेच घ्या ना. मघापासून तुमच्याही घरात कोणीतरी दोनदा हाक मारली, आणि तुम्ही या ओळीवरून मान न उचलता म्हणालात, "हो हो, बघतोय."