डुकरांनी खाल्लेली फुलं

आमोण्याच्या सगुण गावसचं पीक यंदा इतकं झकास आलं, की नवराबायको दोघंही धास्तावली. भात कापल्यावर रिकाम्या झालेल्या शेतात त्यानं पहिल्यांदाच ग्लॅडिओलस लावले होते. डिचोलीत लग्नमंडप सजवणाऱ्या सर्वेशनं सगळे दांडे एका लग्नासाठी घ्यायचं कबूलही केलं होतं. आता कंबरेएवढे दांडे कळ्यांनी गच्च भरून उभे होते. असलं काही दिसलं की लोकांना बोलल्यावाचून राहवत नाही, आणि लोक बोलले की दिष्ट लागते.

"कोणी इचारल्यान तर बरा आसा म्हणान सांगू नकात," सत्यवतीनं बजावलं. "गेल्या वर्साचो दुधी इसारलात?"

दुधी कसा विसरेल तो! शेजारच्या चंद्रावतीनं नुसतं 'काय गे मोठो' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुधी देठापासून गळून पडला होता. तेव्हा सगुणनं रडगाणं गायचं ठरवलं. पण माणूस मुळात हौशी. ऐकणाऱ्याचं तोंड पडलं की ह्याला चेव यायचा. आधी मावा पडला, मग मुळं कुजली, आणि शेवटी डिचोलीच्या बाजारात गोकुळदासच्या हॉटेलात बसून त्यानं अख्खं शेत रानडुकरांच्या घशात घातलं. सांगताना आवाज असा काही कापला, की गोकुळदासनं चहाचे पैसे तर घेतले नाहीतच, वर एक बन खाऊ घातला. चंद्रावती सांत्वनाला घरी आली, तेव्हा सत्यवतीनं घाईघाईनं कुंपणावर जुनी लुगडी वाळत घातली आणि शेताकडे बघवत नाही म्हणून डोळ्यांना पदर लावला.

फुलांना मात्र ह्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं. खालच्या कळीनं रंग दाखवला की दांडा कापायचा. तेवढं चुकलं तर फूल शेतातच उमलतं आणि मग त्याला कोणी विचारत नाही. एका सकाळी शेतभर रंग दिसला, आणि सगुणनं लगबगीनं सर्वेशला फोन लावला.

"सगुणबाब, माका सगळा कळला," तिकडून हळवा आवाज आला. "मी फुलां बेळगावसून मागवलंय. तुमी जीवाक लावून घेव नकात."

डुकरं आलीच नव्हती, हे सगुणनं परोपरीनं सांगितलं. त्यावर सर्वेशनं वहिनींना फोन द्यायला सांगितला, आणि दादांना दोनचार दिवस एकटं सोडू नका म्हणाला. सगुणनं शेताचा फोटो पाठवला, तर तो डुकरं येण्याआधीचा ठरला.

आता बसून चालणार नव्हतं. दोघांनी भराभर दांडे कापून जुड्या बांधल्या. पहिली खेप पायाशी, मांडीवर, जमेल तिथे कोंबून दोघं स्कूटरवरून डिचोलीला निघाली. हॉटेलच्या दारातून गोकुळदासनं ती बघितली आणि त्याला गहिवरून आलं. बिचाऱ्यानं शब्द राखायला पदरमोड करून बेळगावची फुलं आणली! स्कूटर सर्वेशच्या दुकानी पोचायच्या आत ही बातमी तिथे पोचली होती.

सर्वेशनं सगुणचे दोन्ही हात धरले. तिथल्या तिथे बेळगावला फोन करून आपली फुलं रद्द केली, आणि सगुणकडचे उरलेले दांडेही टेम्पो पाठवून आणतो म्हणाला.

"देवाशपथ सांगतंय," सगुण काकुळतीला आला, "ही माझ्याच शेतातली फुलां."

ह्या स्वाभिमानानं तर सर्वेशचे डोळेच भरून आले. सगुण पुन्हा तोंड उघडणार, तोच सत्यवतीनं त्याला कोपरानं ढोसलं.

"ऱ्हवांदी," ती पुटपुटली. "दिष्ट लागली तर बेळगावाक लागांदी."

सर्वेश एक दांडा उजेडात धरून फिरवून फिरवून बघत होता. "पण फुलां काय आसत! आमच्या मातयेत अशी जल्मात येवची नाय. सगुणबाब, फुडल्या वर्सा तुमी लावणीच्या भानगडीत पडू नकात. ही ज्याच्याकडसून आणलात, त्याच्याकडसूनच आणा."

सगुणनं नखांतल्या मातीकडे बघितलं, मग बायकोकडे. ती गंभीर चेहऱ्यानं रस्त्यावरची रहदारी न्याहाळत होती.

"इचारून बघतंय तेका," सगुण म्हणाला. "माणूस तसो बरो आसा. पण बायलेच्या शब्दाभायर नाय तो."