जिन्यातल्या सहा पोळ्या

पुंजारामनं आयुष्यात घेतलेले निर्णय एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यातले चार त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, घेतलेले होते. पाचवा मात्र त्याचा स्वतःचा. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर असलेल्या या गृहस्थानं एका बेसावध क्षणी मॅनेजरसाहेबांना सांगून टाकलं, "साहेब, आमची उस्मानपुऱ्यातली वरची खोली रिकामीच हाये. राहू द्या त्या जपानी पोराला तिथं."

साहेब खुर्चीतून उठले आणि त्यांनी पुंजारामचा हात हातात घेतला. (सव्वीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच घडत होतं. शहाणा माणूस तिथंच सावध झाला असता.) गोष्ट अशी होती, की कारखान्यात जपानहून नवं मशीन आलं होतं आणि ते चालू करून द्यायला तिकडून एकेक तरुण इंजिनिअर येत होता. पहिला अकरा दिवसांत परत गेला, दुसरा नऊ दिवसांत. हॉटेलात एकटं झोपायचं, एकटं जेवायचं, बोलायला समोर भिंत. पोरं कंटाळायची आणि विमान गाठायची.

"पुंजाराम, हा तिसरा टिकला पाहिजे," साहेब म्हणाले. "हाही पळाला तर ते लोक मशीन उचलून दुसऱ्या गावाला नेतील. मग त्या स्टोअरमध्ये तुम्ही आणि तुमचे उंदीर, दोघंच राहाल."

पोराचं नाव सातोशी. वय पंचवीस, अंगानं काडी, आणि समोर माणूस दिसला की कमरेत वाकायचं. मोडकंतोडकं हिंदी तो पुस्तकातून शिकून आला होता. द्वारकाबाईंनी दारात त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याचं नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा त्याला 'संतोष' करून मोकळ्या झाल्या. पोरगा वाकला. त्याला ते मान्य असावं.

"मायबापापासून इतक्या लांब आलंय लेकरू," असं म्हणत त्याच संध्याकाळी द्वारकाबाईंनी स्टीलच्या डब्यात चार धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी भरली. "अहो, वर देऊन या."

पुंजाराम देऊन आला. सकाळी सातोशी डबा घेऊन खाली आला. डबा घासलेला, पुसलेला, आणि आत पातळ कागदात बांधलेल्या तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. दोन्ही हातांनी त्यानं तो डबा पुढं केला.

द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. "बघा, बघा! दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, हे त्याच्या मायनं शिकवलंय त्याला. तुमच्या बहिणीला पन्नास वर्षांत नाय कळलं."

इथं प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या दिवशी पोरानं स्वतःच्या घरून आणलेला हिरवा चहा दिला, आणि तो दिला स्वतःच्या डब्यात. काळाभोर, चकचकीत, झाकणावर सोनेरी बगळा असलेला लाकडी डबा. चहा काढून घेतल्यावर द्वारकाबाई त्या डब्याकडं बघत बसल्या.

"आता ह्यो डबा रिकामा कसा द्यायचा?"

त्यात डिंकाचे लाडू गेले. आता भानगड अशी, की इकडची रीत म्हणजे आलेलं भांडं रिकामं पाठवायचं नाही. तिकडची रीत त्याहून कडक, तिथं आलेल्या भेटीची परतफेड केल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. या दोन रीती एकाच जिन्याच्या दोन टोकांना राहायला आल्या आणि मधल्या सतरा पायऱ्या पुंजारामच्या वाट्याला आल्या.

ठेचा वर गेला, कागदाचे पक्षी खाली आले. भरीत वर गेलं, साबण खाली आला. मुगाचे लाडू वर गेले, समुद्रातल्या शेवाळाची सुकवलेली पानं खाली आली. द्वारकाबाईंनी ती उजेडात धरून पाहिली. "शेवाळ? आपण विहिरीतनं एवढं उपसून फेकलं की वो आजवर!" पण हार मानतील त्या द्वारकाबाई कसल्या. त्यांनी त्या पानांना चिंच-गुळाचं बेसन लावलं, वळकट्या केल्या, वाफवून तळल्या आणि अळूवडी म्हणून वर पाठवल्या. सातोशी ते खाऊन रडला. (का रडला ते विचारायची पुंजारामची हिंमत झाली नाही.)

आता काडी अंगाचं पोर हे सगळं एकटं खाणार कसं? तो उरलेलं कारखान्यात न्यायचा. मधल्या सुट्टीत मशीनशेजारी खोकं उलटं घालून त्यावर डबे मांडायचा आणि येईल त्याला वाकून वाढायचा. फोर्कलिफ्ट चालवणारा कडूबा पहिल्या दिवशी नुसता वास घेत आला, दुसऱ्या दिवसापासून आपली भाकरी घेऊन आला. मग वेल्डर आले, पेंटर आले. त्यांनी सातोशीला भाकरी मोडायला शिकवलं, चहा बशीतून प्यायला शिकवलं, आणि "लई भारी" हे दोन शब्द शिकवले. त्या दोन शब्दांवर त्यानं पहिला महिना काढला. एका रविवारी कडूबा त्याला मोटारसायकलवरून वेरूळला घेऊन गेला. तिथं सहलीला आलेल्या शाळेतल्या पोरांनी लेण्यांकडं पाठ फिरवली आणि सातोशीभोवती रिंगण धरलं. दोन महिन्यांत त्या पोराला इतके मित्र झाले, जितके पुंजारामला सव्वीस वर्षांत झाले नव्हते. साहेब खूश होते. मशीन अर्धंअधिक बसलं होतं.

खूश नव्हता तो एकटा पुंजाराम. कारण चांगलंचुंगलं जे होईल ते वर जात होतं, आणि वरून जे येईल ते "तुम्हीच संपवा" म्हणून त्याच्या ताटात पडत होतं. त्यात महिन्याभरापूर्वी डॉक्टरांना त्याच्या रक्तात साखर सापडली होती. तेव्हापासून द्वारकाबाईंनी घरातला गूळ असा लपवला होता, की निजामाच्या काळातलं सोनंदेखील कोणी तसं लपवलं नसेल.

आणि अशात पोळा आला.

सकाळपासून घरात पुरणाचा वास. पुंजाराम सणाची रजा टाकून घरीच होता. मातीच्या बैलांची पूजा झाली, नैवेद्य झाला. दुपारी द्वारकाबाईंनी बगळ्याच्या डब्यात सहा पोळ्या रचल्या. तव्यावरून नुकत्या उतरलेल्या, तुपानं न्हालेल्या, वेलदोडा-जायफळ घातलेल्या. हा डबा परवाच खारवलेली आंबट आलुबुखारं घेऊन खाली आला होता. (ती खाऊन द्वारकाबाईंनी एक डोळा मिटला होता, आणि नेमकं ते सातोशीनं पाहिलं होतं.)

"देऊन या वर. पोरगं कामावरनं येईलच एवढ्यात, गरम खाईल."

"अन् मला?"

"तुम्हाला दुधीची भाजी केलीय की."

पुंजाराम जिना चढू लागला. आठव्या पायरीवर त्याचा गुडघा दुखला. (गुडघा नेहमी अकराव्या पायरीवर दुखतो, पण त्या दिवशी लवकर दुखला.) तो बसला. डबा मांडीवर. बसल्या बसल्या आतला माल नीट आहे ना, एवढंच बघावं म्हणून त्यानं झाकण उचललं. स्टोअरकीपरचं ते कर्तव्यच आहे.

पहिली पोळी त्यानं चव बघायला खाल्ली, कारण परक्या मुलुखातल्या माणसाला बिघडलेलं देणं बरं नव्हे. मग पाच उरल्या, आणि सणाच्या दिवशी असा अर्धवट आकडा बरा दिसत नाही, म्हणून दुसरी खाल्ली. चार पोळ्या म्हणजे आपण कुणाच्या तेराव्याला देतोय की काय असं वाटून तिसरी. तिसरीनंतर कारणं शोधायची गरज उरली नाही. भानावर आला तेव्हा डब्यात तुपाचा एक थेंब होता आणि तोही त्याच्या बोटावर आला होता.

आता डबा खाली न्यावा तर द्वारकाबाई. वर न्यावा तर रिकामा. बराच वेळ विचार करून पुंजारामनं गच्चीवरच्या नळावर डबा स्वच्छ धुतला, पुसला, झाकण लावलं आणि सातोशीच्या दाराशी ठेवून दिला. त्याला वाटलं, पोरगं समजेल की आज डबा नुसता परत केलाय. आणि तसं बघितलं तर हे चक्र कधीतरी थांबायला हवंच होतं. आपण दोघांवर उपकारच केले, असं म्हणत तो दुधीची भाजी खायला खाली आला. भाजी त्यानं अर्धी टाकली.

"भूक नाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"उपास करावा म्हणतो थोडा," पुंजाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वरून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सातोशी सकाळी बूट हातात घेऊन मांजरपावलांनी जिना उतरायचा, दुरूनच वाकायचा आणि निघून जायचा. द्वारकाबाई दोनदा दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी त्या आठवड्यात धपाटे केले नाहीत, काहीच केलं नाही.

"एका शब्दानं बोलला नाय पोळ्यांबद्दल," त्या पुंजारामला म्हणाल्या. "माझ्या हाताची चवच गेली वाटतं. वय झालं आता."

सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण नळ दुरुस्त करायचाय असं सांगून त्यानं विषय बदलला. (नळ व्यवस्थित होता.)

चौथ्या दिवशी मॅनेजरसाहेबांची गाडीच दारात आली. मागं सातोशी, मान खाली घालून.

"पुंजाराम, काय केलंत हो तुम्ही?" साहेब उतरताउतरता ओरडले. "हा परत जातो म्हणतोय! आम्ही याचं सामान न्यायला आलोय."

द्वारकाबाई पदर सावरत बाहेर आल्या. "संतोष, कामून चाललास रं? काय चुकलं आमचं?"

सातोशीनं पिशवीतून तो बगळ्याचा डबा काढला, दोन्ही हातांत धरला आणि इतका वाकला, की त्याचं डोकं डब्याला टेकलं. "काकू, तुमचं नाय चुकलं. माझं चुकलं. आलुबुखारा खराब होता. तुम्ही डबा रिकामा पाठवला, मला समजलं. माफ करा."

"रिकामा?" द्वारकाबाईंचा आवाज चढला. "सहा पोळ्या होत्या त्याच्यात! मी माझ्या हातानं मोजून घातल्या!"

मग साहेबांनी पुंजारामकडं पाहिलं. सातोशीनं पाहिलं. द्वारकाबाईंनी सगळ्यात शेवटी पाहिलं, आणि ते पाहणं पुंजाराम जन्मात विसरणार नाही.

"मांजर," तो म्हणाला. "जिन्यात एक मांजर असतं..."

"मांजरानं पोळ्या खाल्ल्या?"

"व्हय."

"अन् डबा धुतला?"

पुंजाराम गुडघा चोळू लागला.

"अन् पुसून, झाकण लावून, त्याच्या दारात नेऊन ठेवला? लई गुणाचं मांजर म्हणायचं! बोलवा त्याला, मी ह्या घरात त्यालाच ठेवते आता!"

पुंजाराम पायरीवर बसला आणि त्यानं सगळं कबूल केलं. गुडघा, तेरावं, तुपाचा थेंब, सगळं. सातोशीला कडूबाच्या शिकवणीनं बरंच मराठी कळत होतं. त्यानं बोटं उघडून मोजली आणि आदरानं विचारलं, "सहा? काका एकटे?"

द्वारकाबाई आधी रागावल्या, मग त्यांना हसू फुटलं, आणि हसताहसता त्या तिथंच पदर डोळ्यांना लावून रडल्या. "मला वाटलं, माझी चव गेली."

"मला वाटलं," सातोशी म्हणाला, "माझं घर गेलं."

साहेबांनी गाडी बंद केली. पुन्हा पुरण शिजलं. सातोशीनं चार पोळ्या खाल्ल्या, साहेबांनी पाच, आणि पुंजारामला परत दुधीची भाजी मिळाली. मशीन दिवाळीच्या आत चालू झालं. सातोशी तीन महिन्यांसाठी आला होता, तो दीड वर्ष राहिला. जायच्या दिवशी स्टेशनवर अर्धा कारखाना आला होता. द्वारकाबाईंनी डब्यात काय काय भरलं होतं याचा हिशेबच नव्हता. पोरगं खिडकीतून हात हलवत लहान मुलासारखं रडलं.

तो टिकला याचं जपानच्या ऑफिसला फार आश्चर्य वाटलं. त्यांनी त्याला सांगितलं, या गावी जाणाऱ्या नव्या पोरांसाठी सूचना लिहून दे. त्यानं लिहून दिल्या. त्या इतक्या उपयोगी ठरल्या म्हणे, की तिकडून निघणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो कागद देऊ लागले. साहेबांनी पुंजारामची पाठ थोपटली. "पुंजाराम, त्या कागदात तुमचं नाव आहे! फोटोसकट!"

पुंजारामची छाती फुगली. पुढचा इंजिनिअर आला तेव्हा नवा सदरा घालून तो स्वतः स्टेशनवर गेला. गाडीतून एक चष्मेवाला तरुण उतरला. त्यानं खिशातला कागद काढला, फोटो पाहिला, पुंजारामला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि ओळख पटल्यावर कमरेत वाकून नमस्कार केला.

"लाओ, बॅग दो," पुंजाराम प्रेमानं म्हणाला.

पोरानं दोन्ही मोठ्या बॅगा त्याच्या हातात दिल्या, आणि खाण्याची पिशवी तेवढी छातीशी घट्ट धरली.