डाव्या गालाची पारख

भानुदासमामा रोज सकाळी फक्त डावा गाल घोटतात. उजव्यावर आठवड्याची दाढी तशीच. मी नेकनूरला मास्तर म्हणून आलो, त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा वाटलं, यांच्याकडं ब्लेड पुरत नसावं. विचारलं तर म्हणाले, "सर, डावा गाल कामाचा हाय. उजवा आपला असाच."

मामा घोंगड्या विणतात. लोकर ते बोटांनी बघतच नाहीत. बोटं मागावर मेली, म्हणतात. चिमूटभर लोकर गालाला लावायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा: गालाची, मानेची, पाठीची, नाहीतर पायाची. जिथं टोचत नाही, ती तिची प्रत. माझा पुण्याचा मफलर त्यांनी असाच तपासला. "पाठीचा हाय. मानेला कावून घालता?" आमच्या हेडमास्तरांना तर ते हात न लावताच "पायाचे" म्हणतात. मी काही त्यांचं म्हणणं खोडून काढलं नाही.

एकदा शहरातून एक साहेब लोकर मोजायचं यंत्र घेऊन आले. आकडा बघून म्हणाले, "एक नंबर मऊ आहे."

मामांनी गालाला लावली. "टोचायलीय."

"यंत्र खोटं बोलत नाही, मामा."

"खोटं कावून बोलंल? पर त्याला कातडं हाय का?"

साहेबांनी यंत्र पेटीत ठेवलं. मला लई आनंद झाला, खोटं कशाला सांगू!

पण मामांची खरी परीक्षा घरातच होती. लकवा मारल्यापासून मामी अंथरुणाला खिळल्या आहेत. बोलता येत नाही, एकच हात चालतो. पांघरूण जरा टोचलं की त्या हातानं भिरकावून देतात आणि थंडीत कुडकुडत पडतात. मामांच्या तीन घोंगड्या अशाच जमिनीवर गेल्या. अख्ख्या तालुक्यात ज्याचा शब्द शेवटचा, तो माणूस घरात तीनदा नापास!

चौथ्या घोंगडीसाठी मामा पार सिरसाळ्यापर्यंत मेंढ्यांचे तळ हिंडले. कोकराची पहिली कातर तेवढी घेतली, तीही मूठमूठ पारखून. विणल्यावर घोंगडीला ताठ ठेवणारी चिंचोक्याची खळसुद्धा धुऊन काढली. भाऊबंद हसले, "घोंगडीचं फडकं केलंस बे!" मामांनी ऐकून घेतलं.

जानेवारीतल्या एका सकाळी त्यांनी ती मामींच्या अंगावर घातली. मी दारात होतो. मामींचा हात वर आला. मामांनी डोळे मिटून घेतले. त्या हातानं घोंगडीचा काठ धरला आणि हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

मामा ओट्यावर येऊन बसले. मी म्हटलं, "मामा, पास झालात की!"

त्यांनी डाव्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाले, "सर, औंदा उन्हाळा जरा उशिरा आला तर बरं हुईल."