चाकूर चॅनलवर धम्मानंदराव

धम्मानंदरावांनी एका शनिवारी सकाळी दात घासता घासता ठरवलं की, यापुढे बायकोला फोन करायचा नाही. सरळ हाक मारायची.

बायको चाकूरकडे आणि आपण नांदेडला, ही गोष्ट त्यांच्या लक्षात नव्हती असं नाही. पण माणूस वर्षभर एकट्यानं जेवला की त्याला असले निर्णय सुचतात.

धम्मानंदराव पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक. पत्नी पंचशीलाबाई नर्स. गेल्या वर्षी बाईंना बढती मिळाली आणि त्या चाकूरच्या पुढे एका आरोग्य केंद्रात गेल्या. साहेब नांदेडच्या तरोडा भागातल्या फ्लॅटमध्ये उरले. आता या दोघांचा संसार आजवर चालला होता तो निव्वळ हाकेवर. हे आतल्या खोलीतून ओरडायचे, "अगं, माझा चष्मा!" आणि स्वयंपाकघरातून उत्तर यायचं, "डोक्यावर बघा!" प्रेमाबिमाचं बोलणं त्यांच्यात कधी झालं नव्हतं. गरजही पडली नव्हती, कारण चष्मा रोज हरवत होता.

बाई गेल्यावरही सवय सुटेना. हाक मारून व्हायची आणि मग आठवायचं की घरात कोणी नाही. एकदा तर वरच्या मजल्यावरच्या बबिताताईंनीच खिडकीतून "डोक्यावर बघा, भाऊ!" म्हणून सांगितलं. (चष्मा डोक्यावरच होता. त्याचं दुःख वेगळं.)

फोनवर ती मजा येत नसे. फोन आधी वाजतो. वाजला की दोन्हीकडची माणसं पाहुण्यांच्या घरी आल्यासारखी सावरून बसतात.

"जेवलात?"

"हाव."

"बरं हाय ना समदं?"

"हाव."

"ठेवू मग?"

"ठेव."

झालं संभाषण. उरलेली संध्याकाळ टीव्हीच्या बातम्यांशी.

त्यातच या महिन्यात विनंती बदल्या निघाल्या. नांदेड मागायचं की चाकूरलाच राहायचं, हे बाईंनी सोमवारपर्यंत कळवायचं होतं. तिकडे त्यांचं छान बस्तान बसलं होतं. हाताखाली माणसं होती, गावात मान होता. "तुमी काय म्हणता?" असं त्यांनी नवऱ्याला विचारलंही होतं. "तुझं तू बघ, मला काय अडचण न्हाई," असं धम्मानंदराव मोठ्या मनानं म्हणाले होते, आणि तो मोठेपणा आठवडाभर त्यांच्या घशात अडकून बसला होता. 'परत ये' एवढंच म्हणायचं होतं. तेवढंच तोंडातून निघत नव्हतं.

शेजारचे शेषेराव पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेले. हाकेचा उपाय त्यांचाच.

"वॉकीटॉकीचं ॲप घ्या, साहेब. घंटी न्हाई, उचलणं न्हाई. बटण दाबून बोललं की तिकडं डायरेक्ट आवाज."

"पण माझं सिम या कंपनीचं, तिचं त्या कंपनीचं."

"कोणतं बी असू द्या. ॲपला जातपात न्हाई, नेट लागतं फक्त. एक ध्यानात ठेवा, बटण दाबलेलं हाय तवर तुमी बोलणार. सोडलं की समोरचा बोलणार. दोघं एकदम बोलूच शकत न्हाईत."

धम्मानंदरावांना हे फार आवडलं. बायको मध्ये बोलूच शकत नाही, अशी सोय विज्ञानानं केली असेल याची त्यांना कल्पनाच नव्हती.

ॲप आलं. तिकडे पंचशीलाबाईंच्या फोनवर त्यांच्या हाताखालच्या सिस्टर मनिषा यांनी टाकून दिलं. दुपारी धम्मानंदरावांनी बटण दाबून खणखणीत हाक मारली, "पंचशीला! कुठं हायेस?"

क्षणभरानं उत्तर आलं, तेही दबक्या आवाजात.

"अहो, मी बाळंतपणाच्या खोलीत हाय! पोराच्या आधी तुमीच वरडलात! ती बाई पार दचकली ना!"

"पोरगं झालं का?"

"पोरगी झाली. तुमच्या हाकेसरशी झाली. आता ठेवा ते बटण! उद्या पोलिओचा रविवार हाय, लई धावपळ हाय. तुमाला एक सांगायचं हाय, ते उद्या संध्याकाळी सांगते."

"काय सांगायचं हाय?"

"संध्याकाळी!"

बस्स. धम्मानंदरावांची झोप उडाली. बायको जी गोष्ट लांबणीवर टाकून सांगते ती वाईटच असणार, असा त्यांचा सरकारी अनुभव होता. (चांगली फाईल कधी संध्याकाळपर्यंत थांबते का?) म्हणजे तिनं चाकूरच धरलं. आता तिनं सांगायच्या आत आपण बोललं पाहिजे.

रविवारी सकाळी चहा पुढ्यात घेऊन त्यांनी ॲप उघडलं. पडद्यावर एकच नाव सगळ्यात वर हिरवं होऊन चमकत होतं: 'चाकूर'.

झालं होतं असं की, पोलिओच्या बूथवर बसलेल्या बायकांपैकी कोणाचं सिम एका कंपनीचं, कोणाचं दुसऱ्या, म्हणून मनिषा सिस्टरनी, एकानं बोललेलं सगळ्यांना ऐकू जाईल असा, 'चाकूर' नावाचा एक चॅनल ॲपवर काढला होता. त्यात पंचशीलाबाईंच्या ॲपमधली सगळी माणसं एका फटक्यात घातली. त्या सगळ्यांत धम्मानंदरावही गेले. इकडे धम्मानंदरावांना 'चाकूर' बघून जराही शंका आली नाही. त्यांच्या लेखी चाकूरला एकच माणूस राहत होतं.

त्यांनी बटण दाबलं. घट्ट दाबलं, कारण बोट उचललं तर ती मध्ये बोलणार आणि आपला धीर सुटणार.

"पंचशीला, मी बोलतो ते ऐक. मी तुला खोटं सांगितलं. मला अडचण हाय. घर खायला उठतं. मी रोज रात्री जेवलो म्हणून सांगतो, पण निम्म्या वेळेला चिवड्यावर भागवतो. तुझी ती निळी साडी मी धुवायला टाकली न्हाई, खुर्चीवरच ठेवली हाय, म्हणजे कोणीतरी बसल्यासारखं वाटतं. परवा हपिसातून आलो आन् कुलूप काढायच्या आधी बेल वाजवली. कोण उघडणार व्हतं? मी आन् बेल, दोघंच..."

पलीकडून चकार शब्द येत नव्हता. किती मन लावून ऐकते आहे, या विचारानं त्यांना भरून आलं. बांध फुटल्यासारखे ते बोलत राहिले. कुकरच्या शिट्टीपासून सासरच्यांपर्यंत सगळं बोलले. चहा गार झाला, त्यावर साय धरली, तरी बोट काही उठलं नाही.

तिकडे काय चाललं होतं ते त्यांना मागाहून कळलं. स्टॅंडवरच्या बूथवर, बाजारातल्या बूथवर, शाळेच्या व्हरांड्यातल्या बूथवर, जिथे जिथे टेबलावर फोन होता, तिथे तिथे धम्मानंदरावांचा संसार मोठ्या आवाजात चालू होता. पोरं आ वासून बसली होती (थेंब पाजायला त्याचा उपयोग झाला म्हणतात) आणि आया डोळ्यांना पदर लावत होत्या. बाजारातला डोस संपला होता. तिथल्या बाई पुन्हा पुन्हा बटण दाबत होत्या आणि फोन नुसता 'टूंऽ' करत होता, कारण चॅनल नांदेडच्या ताब्यात होता.

"...तर पंचशीला, नांदेड माग. मला करमत न्हाई." एवढं म्हणून अखेर धम्मानंदरावांनी बोट उचललं आणि डोळे मिटले.

"कोण हाय हे? चॅनल मोकळा करा!" पुरुषाचा आवाज आला. ते केंद्राचे डॉक्टर, संगमेश स्वामी.

"बाजारात डोस संपलाय, सर! कवाची वरडून राहिले!"

"रडू नका, दादा," तिसरी एक म्हातारी बाई म्हणाली. "मी चांगुणाबाई, इथली आशा वर्कर. जेवत जा येळंवर."

धम्मानंदरावांनी बटण दाबून कसंबसं विचारलं, "पंचशीला कुठाय?"

"बाई व्हय? त्या पहाटेच जीपनं तांड्यावर गेल्या," मनिषा सिस्टर म्हणाल्या. "फोन इथंच चार्जिंगला हाय. त्यांनी न्हाई ऐकलं, सर. बाकी समद्यांनी ऐकलं."

दिवसभर धम्मानंदराव घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी फोन वाजला. साधा, घंटीचा.

"अहो, काय बोललात तुमी? प्रत्येक बाई मला धरून वेगळंच सांगून राहिली. कोणी म्हणे उपाशी हायेत, कोणी म्हणे साडीशी बोलतात. नेमकं काय बोललात?"

आता चॅनल नव्हता, धरून ठेवायला बटणही नव्हतं. धम्मानंदरावांनी दोनदा खाकरलं.

"करमत न्हाई," ते म्हणाले. "परत ये."

या वेळी मात्र ती खरोखरच ऐकत होती.

"येडेच आहात तुमी," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज ओला झाला होता. "मी शुक्रवारीच नांदेड मागून मोकळी झाले. तेच सांगायला आज संध्याकाळच्या एस.टी.नं येणार व्हते."

"मग? कुठवर आलीस?" धम्मानंदराव उठून उभे राहिले. साडी उचलू की आधी दिवा लावू, हे त्यांना कळेना.

"कुठली येते! बाजारातली पोरं डोसाविना माघारी गेली ना, तुमच्या बोलण्यापायी. आता दोन-तीन दिवस घरोघर फिरून पाजायचे हायेत. डॉक्टरांनी माझी सुट्टी रद्द केली."

म्हणजे आज जी येणारच होती ती, 'ये' म्हटल्यामुळे, आली नाही. धम्मानंदराव पुन्हा खाली बसले. डॉक्टरांची निदान माफी तरी मागावी म्हणून त्यांनी ॲप उघडलं, तर पडद्यावर एक ओळ आलेली होती: 'तुम्हाला चाकूर चॅनलमधून काढण्यात आले आहे.'

पंचशीलाबाईंचा अर्ज सरकार सवडीनं बघेल. धम्मानंदरावांची मात्र चाकूरहून नांदेडला त्याच दिवशी बदली झाली होती.